‘परतणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता

मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांचा एक प्रकार असा आहे की त्यात नायक शेवटी मरणार हे लेखकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. ते त्याला टाळता येत नाही. आणि तरीही रात्री झोपताना मुलाला वाचून दाखवता येईल असे पुस्तक राखण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. सॅमन माशाच्या जीवनचक्रावरील इंग्रजी बालपुस्तके हा तो प्रकार. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ही पुस्तके इतक्या संख्येने लिहिली गेली आहेत की त्यांना स्वतंत्र साहित्यप्रकार मानायला हरकत नसावी. साहित्यप्रकाराला लागणारा पक्का रूपबंध त्यांच्यापाशी आहेच. तो निसर्गानेच घालून दिला आहे. थंड ओढ्याच्या तळाशी गोट्यांत पुरलेली अंडी. पोटाला बलकाची पिशवी घेऊन अंड्यातून निघणारी पिल्ले. जातीनुसार काही आठवडे ते वर्ष-दोन वर्षे गोड्या पाण्यातील वास्तव्य. मग अंग चंदेरी होऊन, शरीर खाऱ्या पाण्याला सरावून समुद्राकडे प्रयाण. तेथे काही वर्षांची भ्रमंती. आणि शेवटी अन्न सोडून, प्रवाहाविरुद्ध चढत जन्माच्या ओढ्यापर्यंतचा प्रवास. तेथे मादीने अंडी घालायची, नराने ती फळवायची, आणि थोड्याच दिवसांत दोघांनी मरायचे. चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम ह्या तेथील पाचही जातींना हा नियम लागू आहे.

ह्या कथानकातील दोन गोष्टी साहित्याच्या अभ्यासकाला थांबवणाऱ्या आहेत. एक म्हणजे ह्या कथेत आई नाही. बालसाहित्याचा बराचसा डोलारा आई असण्यावर, हरवण्यावर किंवा सापडण्यावर उभा असतो. येथे अंडे फुटते तेव्हा आई मरून काही महिने लोटलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे नायक ज्या ‘घरी’ परततो तेथे त्याची वाट पाहणारे कोणीही नसते. व्लादिमिर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांची जी रचना मांडली तिच्यातील प्रस्थान, परीक्षा, पाठलाग, परतणे हे सगळे टप्पे सॅमनच्या कथेत ओळीने भेटतात, विवाहही भेटतो, राज्य मात्र मिळत नाही. ह्या दोन्ही उणिवा बहुतेक पुस्तके ‘घर’ ह्या एका शब्दाआड ठेवतात.

माझा ह्या पुस्तकांशी संबंध अभ्यासाच्या निमित्ताने आला नाही. माझी धाकटी बहीण सिएटलच्या पूर्वेस इसाक्वा गावाजवळ राहते. आमची आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, मी तिच्याकडे पाच आठवडे होते. गावातून वाहणाऱ्या ओढ्यात तेव्हा सॅमन चढत होते, आणि आठ वर्षांच्या भाचीच्या वर्गात तोच विषय चालू होता. दर शनिवारी ती ग्रंथालयातून चार-पाच पुस्तके आणी आणि रात्री ‘मावशी, मराठीत सांग’ म्हणून माझ्यापुढे ठेवी. डोळ्यांपुढे इंग्रजी मजकूर आणि तोंडी मराठी अशा त्या घाईच्या भाषांतरात जे अडथळे आले, त्यांनी मला ह्या पुस्तकांविषयी जे शिकवले ते पुढे इंग्रजीत सावकाश वाचूनही हाती लागले नसते असे मला वाटते.

पहिला अडथळा नावाचा, आणि तो किरकोळ. आपल्याकडच्या उपाहारगृहांतून रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची पद्धत आहे. पण रावस अगदी वेगळ्या कुळातला, किनाऱ्यालगतच्या समुद्रात आणि खाड्यांत राहणारा मासा आहे. समुद्रातून नदीत चढणारा म्हणून बंगालचा हिल्सा जवळचा. तथापि अंडी घालून तो पुन्हा खाली उतरू शकतो, त्यामुळे मरणाचा हिशेब तेथे जुळत नाही. तेव्हा सॅमनला सॅमनच म्हणणे आले.

दुसरा अडथळा लिंगाचा. मराठीत अंडे नपुंसकलिंगी, पिल्लू नपुंसकलिंगी, आणि ते वाढले की होतो तो मासा, पुल्लिंगी. ॲनेट लेबॉक्स ह्यांच्या ‘सॅमन क्रीक’ (२००२) ह्या पद्यमय पुस्तकातील सुमी ही कोहो जातीची मादी आहे. तिला पहिल्या पानावर ‘पिल्लू’ म्हटले की ती ‘ते’ होते, समुद्रात पोचली की ‘तो’ होते, आणि शेवटी अंडी घालायची वेळ येते तेव्हा ‘मादी’ हा प्राणिशास्त्राच्या पुस्तकातला शब्द जोडून तिला पुन्हा स्त्री करावे लागते. भाचीने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. ती सरळ ‘ती मासा’ म्हणे. तिचे मराठी घरापुरते, तिकडेच वाढलेले. ‘मासा’ हा शब्द पुल्लिंगी आहे ह्याची तिला वार्ता नव्हती. मी ते दुरुस्त केले नाही. व्याकरणाने जो घोळ घातला होता त्यातून एवढा नेमका मार्ग मला काढता आला नसता.

खरा अडथळा आला तो काळाचा. ही पुस्तके बहुधा इंग्रजीतील साध्या वर्तमानकाळात लिहिलेली असतात, आणि इंग्रजी कानाला त्या काळात नियमही ऐकू येतो आणि गोष्टही. मराठीत तसे होत नाही. ‘मासा ओढ्यात परत येतो’ हे वाक्य ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ ह्या जातीचे आहे. ‘मासा ओढ्यात परत आला’ हे ‘एक होता राजा’ ह्या जातीचे. कीर्तनकार रंगात आला की ऐतिहासिक वर्तमान वापरतो हे खरे, पण प्रसंग घडून गेलेला आहे हे श्रोत्याला आधी ठाऊक असते. त्या भांडवलावर तो वर्तमान चालतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसते येतो, जातो, मरतो असे मराठीत वाचत गेले की गोष्टीचे पाठ्यपुस्तक होते. आणि सगळे भूतकाळी केले की सुमी ही एक विशिष्ट, होऊन गेलेली मासळी ठरते. ती मेली ती मेलीच.

म्हणजे ‘परततो’ म्हणायचे की ‘परतला’, हा प्रश्न शैलीचा नव्हे. त्या क्रियापदाचा कर्ता कोण, हा तो प्रश्न आहे. वर्तमानकाळात कर्ता जात असते. ती दरवर्षी परतते आणि मरत नाही. भूतकाळात कर्ता एक जीव असतो. तो एकदाच परततो आणि मरतो. सॅमनच्या बालपुस्तकांचे सगळे सांत्वन ह्या दोन कर्त्यांची नकळत अदलाबदल करण्यावर चालते, आणि ती अदलाबदल इंग्रजीचा वर्तमानकाळ बिनबोभाट होऊ देतो.

चित्रांतही तेच घडते. ह्या पुस्तकांच्या शेवटी बहुधा एक वर्तुळ काढलेले असते: अंडे, पिल्लू, चंदेरी मासा, समुद्रातला मासा, अंडी घालणारी जोडी, आणि पुन्हा अंडे, मधून बाण. त्यांतला शेवटचा बाण एका देहातून दुसऱ्या देहात जातो. तो मात्र बाकीच्या बाणांच्याच जाडीचा, त्याच रंगाचा असतो. आपल्या शाळांतून डासाचे आणि फुलपाखराचे असेच तक्ते लावलेले असतात, पण तेथे कोणाची फसवणूक होत नाही, कारण डासाला कोणी नाव ठेवलेले नसते. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) चक्र आहे, पण त्याला नायक नाही, म्हणून ते चक्र निर्वेधपणे फिरते. सॅमनच्या पुस्तकात आधी माशाला नाव द्यायचे, मुलाला त्याच्या मागे पाठवायचे, आणि तो मेला की घाईने वर्तुळ दाखवायचे, असा प्रकार असतो. भाचीने त्या शेवटच्या बाणावर बोट ठेवून ‘पण ही तर दुसरी आहे’ म्हटले, तेव्हा तिने वर्तुळाचा आकृतिबंध नाकारला होता असे मी समजते.

नाव दिले की आणखी एक अडचण उभी राहते. मादी जातीनुसार साधारणतः दोन ते पाच हजार अंडी घालते. ओढ्यातील माशांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहायची असेल तर त्यांतली सरासरी दोनच वाढून, परत येऊन, अंडी घालण्यापर्यंत पोचतात. हा साधा अंकगणिताचा हिशेब आहे. नायक मात्र त्या दोघांपैकीच असावा लागतो, कारण तो चौथ्या पानावर बगळ्याच्या चोचीत गेला तर पुस्तक संपेल. परिणामी त्याचे वाचणे हा केवळ कथानकाचा नाइलाज असतो, पण वाचकाला ते त्याच्या चिकाटीचे फळ वाटू लागते. ॲन दो-ह्यॉन ह्या कोरियन कवीच्या सॅमनवरील १९९६ च्या कथेत तर मासे माणसाने बांधून दिलेली सोपी वाट नाकारून धबधब्यावरून उडी घेण्याचा निर्णय घेतात. ती कथा मोठ्यांसाठीची परीकथा म्हणून लिहिली गेली, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मुलांच्या पुस्तकांत तोच जिद्दीचा धडा आडून येतो. बालसाहित्यात मोठी माणसे मुलाच्या आडून आपल्याशीच बोलत असतात असे जॅकलिन रोझ ह्यांनी १९८४ मध्ये ‘पीटर पॅन’च्या निमित्ताने मांडले, त्याला येथे बळकट पुरावा सापडेल.

जुन्या लेखकांना ह्या अडचणीची जाण अधिक होती असे दिसते. रॉडरिक हेग-ब्राउन ह्यांच्या ‘रिटर्न टू द रिव्हर’मध्ये (१९४१) निवेदन स्प्रिंग नावाच्या एका चिनूक मादीच्या मागे जाते, पण उपशीर्षकात ती चिनूकांच्या संपूर्ण धावेची गोष्ट म्हटली आहे, एक आणि अनेक ह्यांतला ताण लेखकाने मुखपृष्ठावरच कबूल केला आहे. हेन्री विल्यमसनच्या ‘सालार द सॅमन’चे (१९३५) उदाहरण मला अधिक बोलके वाटते. ते बालपुस्तक म्हणून लिहिलेले नाही, पण पुष्कळ मुलांनी वाचलेले आहे. त्यातला सालार अटलांटिक सॅमन आहे, आणि अटलांटिक सॅमनला मरण्याची सक्ती नसते. अंडी घालून झाल्यावर बरेच मरतात हे खरे, पण काही खंगलेल्या अवस्थेत समुद्राला मिळतात आणि त्यांतले थोडे पुन्हा नदी चढतात. विल्यमसनपुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. त्याने सालारला मारले. जेथे निसर्ग सूट देत होता तेथेही लेखकाने शेवट मागितला, तेव्हा हा मृत्यू केवळ जीवशास्त्राने कथेवर लादलेला असतो असे म्हणता येत नाही.

आता ‘घरा’कडे वळू. सॅमन जन्मस्थान ओळखतो ते वासावरून, हे आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी ह्यांनी १९५१ मध्ये मांडले. ह्या कल्पनेचा उगम एखाद्या वाङ्मयीन निबंधात शोभावा असा आहे. १९४६ मध्ये हॅस्लर यूटामधील आपल्या लहानपणीच्या डोंगरात चढत असताना, अजून न दिसलेल्या धबधब्याकडून शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि बालपणीच्या विसरलेल्या गोष्टी एकाएकी वर आल्या. माशाचेही असेच होत असेल काय, असे त्यांना वाटले. पुढे इसाक्वाच्याच ओढ्याच्या दोन फाट्यांवर कोहो पकडून, काहींच्या नाकपुड्या बुजवून, सर्वांना संगमाच्या खाली सोडण्यात आले. नाक मोकळे असलेले बहुतांशी आपापल्या फाट्याला गेले. बुजवलेले कसेही विखुरले. हा प्रयोग बालपुस्तकांना फार आवडतो, आणि ते योग्यच आहे.

त्यांना न आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. नाक शाबूत असूनही दर पिढीत काही सॅमन दुसऱ्याच ओढ्यात जातात. इंग्रजीत त्यांना भटक्या जनावरांसाठी वापरतात तोच शब्द लावतात. मराठीत वाट चुकलेले, भरकटलेले, बहकलेले असे जे जे सुचते त्या प्रत्येकात ठपका आहे. वस्तुतः ह्या किनाऱ्यावरच्या कितीतरी नद्या हिमयुगात बर्फाखाली होत्या. बर्फ हटल्यावर त्यांत सॅमन आले ते अशाच दुसरीकडे गेलेल्यांच्या वंशातले. अलास्कातील ग्लेशियर बे येथे गेल्या अडीचशे वर्षांत हिमनद्या मागे सरकून नवे ओढे उघडे पडले, आणि त्यांतही सॅमन येऊन वसले. सगळेच सॅमन घरी परतत असते तर परतायला एवढी घरेच नसती. मी चाळलेल्या वीस-बावीस पुस्तकांत न परतणाऱ्याला नायक केलेले एकही नव्हते. हे वगळणे मला निरागस वाटत नाही. जेथे बहुसंख्य वाचकांचे पणजोबा-खापरपणजोबा कोठून तरी येऊन वसले आहेत, त्या प्रदेशात मुलांना परतीचीच गोष्ट तेवढी का सांगितली जात असावी, ह्याचा विचार कोणीतरी करायला हवा. आपल्याकडेही शहरात किंवा परदेशात गेलेल्याने शेवटी गावाकडे वळावे अशी कथानकाची ओढ किती खोल आहे, हे मराठी कथेच्या अभ्यासकाला सांगायला नको.

हे सगळे मी एका रात्री बहिणीला सांगत होते. आईच्या अखेरच्या दिवसांत ती येऊ शकली नव्हती, तेराव्याला पोचली होती. त्या विषयावर आम्ही दोघी त्या पाच आठवड्यांत सरळ बोललो नव्हतो. तिने भांडी पुसता पुसता विचारले, ‘मग त्या चुकलेल्यांची पिल्लं? त्यांना तोच ओढा आपला वाटत असेल ना?’ शास्त्रदृष्ट्या उत्तर होकारार्थी आहे. पिल्लू ज्या पाण्यात वाढते त्याचाच वास त्याच्या ठायी ठसतो. आई कोणत्या पाण्यातून आली होती हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. मी तेवढेच सांगितले.

इसाक्वात ‘घर’ ह्या शब्दाला आणखी एक परिमाण आहे. तेथे १९३६ पासून सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. ओढा चढून आलेल्या माशांपैकी बऱ्याच जणांचे घर म्हणजे हे केंद्र. त्यांचा जन्म तेथल्या तबकांत झालेला असतो. मासे सिमेंटच्या चरांत गोळा होतात, मादीला मारून पोट चिरून अंडी काढतात, नराचे वीर्य पिळून बादलीत त्यांवर मिसळतात. काचेपलीकडून शाळेच्या मुलांच्या रांगा हे पाहतात आणि, मी पाहिले त्याप्रमाणे, बेताने घाबरतात. पुस्तकांतून मात्र ते काळजीपूर्वक वगळलेले असते. धरणांनी आणि शहरांनी ओढे नासवले म्हणून ही केंद्रे आली. कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरणाला तर माशांसाठी वाटच ठेवलेली नाही, त्यामुळे वरचे शेकडो मैलांचे पात्र सॅमनला बंद झाले. पुस्तकांत धरण येते ते अस्वलाच्या आणि गरुडाच्या रांगेतला एक अडथळा म्हणून. नायकाने उडी मारायची आणि पुढे जायचे.

अलीकडच्या पुस्तकांनी सांत्वनाची नवी सोय केली आहे. मेलेल्या माशांवर ओढ्यातले किडे, पक्षी, अस्वले जगतात, आणि समुद्रातून आलेला नत्र काठावरच्या झाडांत सापडतो, हे संशोधनाने दाखवून दिले आहे. ते खरे आणि सुंदर आहे. पण नायकाचा डोळा मिटतो न मिटतो तोच त्याचे खत करण्याची जी घाई ह्या पुस्तकांना असते, ती मला दुःखाला वेळ न देणाऱ्या नातेवाइकांची आठवण करून देते.

वर्तुळ खोटेच असते असे मात्र मला म्हणायचे नाही. त्याच किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांच्या कथांत सॅमन हे समुद्राखाली घरे करून राहणारे लोक आहेत. ऋतू आला की ते माशाचे रूप घेऊन नदी चढतात आणि आपले शरीर माणसांना देतात. हंगामातला पहिला सॅमन विधिपूर्वक खाऊन त्याची हाडे पाण्याला परत करायची असतात. ती नीट पोचली की तो पुन्हा देह धारण करतो. ह्या कथेत ‘तोच परत येतो’ हे वाक्य शब्दशः खरे आहे. एक जीव आणि जात हा भेदच तेथे पडत नाही, म्हणून काळाचा पेच पडत नाही. पण त्या परतण्याला अट आहे, आणि ती माशावर नसून खाणाऱ्यावर आहे: हाडे टाकून दिली, अवमान केला, तर तो येणार नाही. शालेय वर्तुळाने ह्या कल्पनेतले अमरत्व तेवढे घेतले आणि अट गाळली. बाण आपोआप फिरतात. हाडे कोणालाच उचलावी लागत नाहीत.

अट शिल्लक असलेली दोन पुस्तके मला सापडली. मॉली कोन ह्यांचे ‘कम बॅक, सॅमन’ (१९९२) ही वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट येथल्या प्राथमिक शाळेतील मुलांची खरी हकीकत आहे. त्यांनी पिजन क्रीक नावाचा घाण झालेला ओढा साफ केला, शाळेत कोहो वाढवून त्यात सोडले आणि वाट पाहिली. ह्यात नायक मुले आहेत. मासे बिननावाचे आहेत. परतणे येथे नियम म्हणून येत नाही, न घडण्याची पूर्ण शक्यता असलेली घटना म्हणून येते.

दुसरे बेटी वॉटर्टन ह्यांचे ‘अ सॅमन फॉर सायमन’ (१९७८), ॲन ब्लेड्सच्या जलरंगांसह. ते जीवनचक्राचे पुस्तक नाहीच, आणि माझ्या मते ह्या सगळ्यांत श्रेष्ठ आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा सायमन नावाचा मुलगा उन्हाळाभर एक सॅमन पकडायचा म्हणून धडपडतो आणि त्याला तो मिळत नाही. मग शिंपल्यांसाठी ओहोटीच्या वाळूत खणलेल्या खड्ड्यात उडत्या गरुडाच्या पंजातून एक जिवंत सॅमन येऊन पडतो. हवा होता तो मासा असा आयता हाती आल्यावर सायमन त्या खड्ड्यापासून समुद्रापर्यंत चर खणू लागतो. पुस्तकाचा मोठा भाग ह्या खणण्याचा आहे. ते अंधार पडेपर्यंत चालते. मासा शेवटी पाण्यातून निघून जातो. तो कोठून आला होता, कोणत्या ओढ्याचा होता, पुढे परतला की नाही, अंडी घालून मेला की जाळ्यात सापडला, ह्यांतले काही पुस्तक सांगत नाही. माशाला नाव नाही आणि शेवटी वर्तुळही नाही.

ह्या एका पुस्तकाचे भाषांतर मी नंतर वहीत पूर्ण केले. संवाद सोडले तर त्यात मला एकही वर्तमानकाळी क्रियापद घालावे लागले नाही.